प्रवेश मिळाला, खाटेचं काय?

वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली. निर्णय चांगला आहे आणि त्याचा गाजावाजाही भरपूर झाला. पण गेवराईच्या मुलीला छत्रपती संभाजीनगरात इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला जागा मिळते, तेव्हा घरातला हिशेब फीपाशी संपत नाही. खोलीचं डिपॉझिट, महिन्याचं भाडं, मेस, गादी, बादली, पाण्याचा जार, सणावाराला गावी जायचं तिकीट, हे सगळं आधी लागतं आणि रोख लागतं. थकलेल्या फीसाठी कॉलेज परीक्षेचा फॉर्म भरेपर्यंत तरी थांबतं, घरमालक पाच तारखेच्या पुढे थांबत नाही. फीला माफी आहे, शिष्यवृत्ती आहे, हप्ते आहेत. भाड्याला यातलं जवळजवळ काही नाही, आणि जे आहे ते उशिरा येतं. म्हणून या शहरापुरतं तरी माझं म्हणणं असं आहे की राहायची जागा हा प्रवेशाचाच भाग मानला पाहिजे. बाहेरगावची बहुतेक मुलं-मुली कॅम्पसच्या बाहेर, भाड्याच्या खोल्यांत राहतात. तेव्हा त्या खोल्यांची काळजी विद्यापीठाच्या कुंपणाशी येऊन संपली, असं म्हणून चालणार नाही.

बाहेरगावची एवढी मुलं याच शहरात का येतात, याचं कारण मराठवाड्याच्या इतिहासात आहे. निजामाच्या राज्यात विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया, १९१८चं. औरंगाबादला १९२३ पासून इंटरमिजिएट कॉलेज होतं, पण पुढे शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे, आणि तेवढी ऐपत मोजक्याच घरांची. निजामाची राजवट गेल्यावर सगळा अनुशेष एकदम याच शहरात भरला गेला. सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ साली आलं, २३ ऑगस्ट १९५८ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६०मध्ये उभं राहिलं. १९९४मध्ये नांदेडचं विद्यापीठ वेगळं निघालं. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आजही आहेत. त्यात २०१७मध्ये विधी विद्यापीठाची भर पडली, २०१९मध्ये एमजीएम विद्यापीठाची. शिवाय औरंगपुरा, समर्थनगर, टीव्ही सेंटर या भागांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आहेत. ती कोणत्याच कॉलेजच्या हजेरीपटावर नाहीत, त्यामुळे कोणत्याच वसतिगृहाच्या यादीत बसत नाहीत. शिक्षण एका शहरात गोळा झालं, पण राहायची सोय त्या मानानं कोणी गोळा केली नाही.

ती आधी करायची असते, हे या शहरात एका माणसानं फार लवकर ओळखलं होतं. १९४५मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. १ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पाणचक्कीच्या पलीकडच्या त्या उजाड माळाला नागसेनवन हे नाव मिळालं, आणि तिथं वर्गांच्या जोडीला वसतिगृहंही आली. बाबासाहेबांपुढचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. खेड्यातल्या दलित मुलाला कॉलेजात जागा दिली, तरी गावात त्याला खोली कोण देणार होतं? वाड्यांच्या आणि जातवार वस्त्यांच्या शहरात भाड्याचा बाजार त्याच्यासाठी बंदच होता. वसतिगृह नसतं तर मिलिंदचे वर्ग आसपासच्या मुलांपुरतेच उरले असते. मराठवाड्याबाहेरून, विदर्भातून मुलं तिथं शिकायला येऊ शकली ती वर्ग होते म्हणून आणि खाट होती म्हणून.

महाराष्ट्रात ही गोष्ट नवीन नव्हती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयानं १९०१मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग आलं, १९०८मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढं एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं ते मात्र सगळ्या जातींच्या मुलांचं. मुलं एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला बसत. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहं काढली कारण त्या काळी दुसरा रस्ता नव्हता. प्रत्येक समाजाला पुढं यायला लावून, त्याच्याच पैशाला राज्याची मदत जोडून त्यांनी खाटा उभ्या केल्या. आज आपण पुन्हा जातवारच मोजतो. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं वेगळी, आदिवासी विकासची वेगळी, इतर मागास बहुजन कल्याणची वेगळी, मराठा विद्यार्थ्यांसाठीची वेगळी. मागण्यांची कारणं खरी आहेत. मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ला याच शहरात निघाला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृह हवं ही त्या आंदोलनाची एक ठळक मागणी होती. राखीव खाटा काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण चार खात्यांचे चार अर्ज, चार वेळापत्रकं आणि चार याद्या झाल्या की एका इमारतीत खाट रिकामी असताना शेजारच्या यादीतला मुलगा खोली शोधत फिरतो, आणि शहरात एकूण खाटा किती कमी पडतात हे एकाही टेबलावर एकत्र दिसत नाही.

आता कॅम्पसवरच्या सोयीकडे पाहू. विद्यापीठाचा परिसर शेकडो एकरांचा, सातमाळ्याच्या डोंगररांगेला टेकलेला. वसतिगृह मिळालं तर विभाग, ग्रंथालय, मेस सगळं पायी. भाडं बाहेरच्या मानानं नाममात्र, आणि ‘कमवा व शिका’ योजनेत काम केलं तर थोडी मिळकतही. अशी सोय ज्याला मिळते त्याचं शिक्षण खरोखर वेगळं होतं. तो संध्याकाळी ग्रंथालयात बसतो, बाहेरचा मुलगा त्या वेळी मेस बंद व्हायच्या आत खोलीवर पोचायच्या घाईत असतो. पण विद्यापीठाचं वसतिगृह मुख्यतः विद्यापीठाच्या विभागांतल्या विद्यार्थ्यांसाठी असतं. संलग्न कॉलेजांतली मुलं, जी संख्येनं कितीतरी जास्त, ती तिथल्या हिशेबात येतच नाहीत. पीएच.डी. करणाऱ्यांचा मुक्काम लांबतो, कारण संशोधनच लांबतं. त्यामुळे रिकाम्या होणाऱ्या खाटा कमी. मग एकाच्या खोलीत दुसरा गुपचूप गादी टाकतो. पुण्यात अशा मुलाला ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द क्रूर आहे, आणि प्रशासन अधूनमधून मध्यरात्री तपासणी करून त्याला बाहेर काढतं. तो नियम मोडतो हे खरं. पण ज्या शहरात त्याला अधिकृत प्रवेश दिला, त्या शहरात अधिकृत खाट दिली नाही, हेही त्या पंचनाम्यात लिहायला हवं.

वेळेचा घोळ हा याहून मोठा, आणि कमी बोलला जाणारा. इंजिनिअरिंग, फार्मसी, कायदा यांच्या प्रवेश फेऱ्या जुलैपासून लांबत जातात. वसतिगृहाची गुणवत्ता यादी प्रवेश झाल्यावरच लागू शकते. सरकारी वसतिगृहाच्या फेऱ्या त्याहून मागे. म्हणजे वर्ग सुरू झालेले असतात आणि मुलगा किंवा मुलगी पहिला दीड-दोन महिना कुठं राहणार, याचं उत्तर कोणत्याच योजनेत नसतं. त्या दोन महिन्यांसाठी खोली घ्यावी लागते, डिपॉझिट द्यावं लागतं. पुढे वसतिगृहात नंबर लागला तर घरमालक डिपॉझिट अडवतो, कारण वर्षभराची बोली झालेली असते. नंबर लागूनही वसतिगृहात न जाणारी मुलं असतात, त्यांच्याबद्दल ‘गरज नव्हती’ असा निष्कर्ष काढला जातो. खरं तर ती बाहेर अडकलेली असतात. शेगावात किंवा शिर्डीत हजारो अनोळखी माणसांना एका रात्रीपुरती स्वच्छ जागा देण्याची व्यवस्था महाराष्ट्रात रोज चालते. जुलै ते सप्टेंबरपर्यंत विद्यार्थ्यांसाठी तशीच तात्पुरती खाट ठेवणं अशक्य आहे, हे पटत नाही.

कॅम्पसबाहेर पडलं की जयसिंगपुरा, बेगमपुरा, पहाडसिंगपुरा. विद्यापीठाच्या गेटपासून चालत जाता येतील असे हे भाग. मोगल काळात सरदारांच्या छावण्यांनी या शहरात असे पुरे वसले, मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाचा एक, बुंदीच्या भावसिंगांच्या नावाचा एक, बिकानेरच्या करणसिंगांच्या नावाचा करणपुरा. बाहेरून आलेल्यांना ठेवून घ्यायची सवय या मातीला जुनी आहे, फक्त तेव्हा भाडं बादशहा भरत होता. आता इथल्या घरांचं अर्थकारण विद्यार्थ्यांवर चालतं. खाली घरमालकाचं कुटुंब, बाजूनं लोखंडी जिना, वर ओळीनं बांधलेल्या खोल्या, शेवटच्या एक-दोनांवर पत्रा. दहा बाय दहाच्या खोलीत तीन खाटा टाकल्या की मधे एकाच माणसाला उभं राहता येतं. भिंतीत एक स्विचबोर्ड, त्याला एक्स्टेंशन, त्यावर तीन मोबाइल आणि एक इस्त्री. वीज सबमीटरवर, आणि युनिटचा दर घरमालक सांगेल तो. खिडकीत पाच किलोची गॅसची टाकी, ती काळ्या बाजारात भरून आणायची. एप्रिलमध्ये पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, म्हणून मुलं अभ्यासिका लावतात. अभ्यासिकेची महिन्याची फी हे खरं म्हणजे खोलीभाड्याचंच शेपूट आहे, पण हिशेबात ते ‘अभ्यास’ या सदरात पडतं.

पाणी हा या शहराचा वेगळाच अध्याय. जायकवाडी पन्नास किलोमीटरवर भरलेलं असलं तरी जुन्या जलवाहिनीमुळे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२०मध्ये झालं, तेव्हा तिचा खर्च १,६८० कोटी होता आणि पुढं तो बराच वाढला. घरात चार माणसं असतील तर टाकी पुरते. वर बारा विद्यार्थी ठेवले की पुरत नाही. मग पाण्याचे वार ठरतात, ड्रम भरून ठेवायचे, पिण्याला जार आणायचा, आणि पाहुणा आणला तर घरमालकीण बोलते. मेसचंही असंच. महिन्याचं कार्ड, दोन वेळचा डबा, रविवारी रात्री बंद, आणि गावी गेल्यास खाडे धरायचे की नाही यावरून वाद. सलग चार-पाच दिवसांहून कमी खाडे बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. म्हणजे दोन दिवसांसाठी घरी गेलेल्या मुलाच्या जेवणाचे पैसे गेलेच. एकेका गोष्टीत पाहिलं तर ही किरकोळ कुरकुर वाटते. पण दहा महिन्यांत ती सगळी मिळून एका सत्राच्या फीच्या बरोबरीला येऊन बसते.

आणि ही खोलीसुद्धा सगळ्यांना सारखी मिळत नाही. ‘आडनाव काय, गाव कोणतं’ हा प्रश्न भाडं किती या प्रश्नाच्या आधी येतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला होता, तो २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच पगाराच्या, एकाच शिक्षणाच्या अर्जदारांना केवळ जात आणि धर्म बदलल्यावर घरमालक वेगळी उत्तरं देतात, दलितांना आणि त्याहूनही मुस्लिमांना नकार किंवा जास्तीच्या अटी मिळतात, असं त्यात दिसलं. थोरात हे अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून येऊन मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, आणि पुढं २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. म्हणजे बाबासाहेबांनी १९५०मध्ये ज्या अडचणीवर उपाय केला, तीच अडचण त्याच कॉलेजातून निघालेल्या अभ्यासकाला साठ-पासष्ट वर्षांनी आकड्यांत मांडावी लागली. संभाजीनगर दिल्ली नव्हे, असं कोणी म्हणेल. पण या शहरातल्या वस्त्या धर्मानुसार किती काटेकोर वेगळ्या आहेत हे इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, आणि खोली शोधणारा मुलगा पहिल्याच दिवशी त्या रेषा पाठ करतो.

मुलींचं आणखी वेगळं. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्या जिल्ह्यातून बारावीनंतर जी मुलगी शहरात यायला निघते, तिच्यासाठी खोलीचा प्रश्न हा लग्न लांबेल की नाही याचा प्रश्न असतो. वडील कॉलेज बघत नाहीत, हॉस्टेल बघतात. गेटला वॉचमन आहे का, रेक्टर बाई राहतात का, बसस्टँडपासून किती लांब. याचा फायदा घेऊन खासगी मुलींची हॉस्टेलं सुरक्षिततेच्या नावाखाली संध्याकाळी सातला दार लावतात आणि तेवढ्यासाठी भाडं जास्त घेतात. ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं असेल तर शेवटचे दोन तास फक्त मुलांचे. बापाची भीती खरी आहे. पण दार लवकर लावणं हा सुरक्षिततेचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे. रस्त्यावर दिवे, रात्रीची बस आणि गेटवर नोंदवही यांना पैसे लागतात.

आता आक्षेप. पहिला असा की सरकारनं वसतिगृहाऐवजी थेट पैसे द्यायला सुरुवात केली आहे, मग अडचण काय? अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३पासून सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना. संभाजीनगरसारख्या विभागीय शहरासाठी स्वाधारची वर्षाची रक्कम ठरवली गेली ती ५१,००० रुपये. त्यात जेवणाला २८,०००, राहण्याला १५,०००, बाकी निर्वाहाला ८,०००. दहा महिन्यांचं सत्र धरलं तर राहण्याला महिना दीड हजार. जेवणाला महिना २,८००, म्हणजे दोन वेळ धरून एका ताटाला सत्तेचाळीस रुपये. दीड हजारात या शहरात स्वतंत्र खोली मिळत नाही, तिघांत वाटलेल्या खोलीतला एक कोपरा मिळतो. सात वर्षांनी आधार योजना आली तेव्हाही विभागीय शहरासाठी आकडा ५१,०००च ठेवला गेला. मधल्या काळात भाडं, गॅस, तेल किती वाढलं हे आकडा लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं असं मानणं कठीण आहे. शिवाय आधार योजना सुरू करताना लाभार्थी ठरले ते प्रत्येक जिल्ह्यात ६००. विद्यापीठांचं शहर असलेल्या संभाजीनगरला ६००, आणि जिथून मुलं शिकायला बाहेर जातात त्या जिल्ह्यालाही ६००. हा आकडा काढताना कुणीतरी ३६ने गुणाकार केला, मोजणी केली नाही.

रकमेपेक्षाही ती कधी येते हे महत्त्वाचं. अर्ज, हजेरीचा दाखला, भाड्यानं राहत असल्याचा पुरावा, पडताळणी, मग निधी. रखडलेल्या स्वाधारसाठी विद्यार्थ्यांनी समाजकल्याण कार्यालयासमोर बसण्याच्या बातम्या जुन्या झालेल्या नाहीत. परीक्षा झाल्यावर येणारं भाडं हे भाडं नसतं, ती भरपाई असते. आणि भरपाईची वाट पाहायला घरात आधी पैसे असावे लागतात. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांच्याकडे नेमके तेच नसतात. त्यामुळे थेट पैसे देण्याला माझा विरोध नाही, महिन्याच्या महिन्याला आणि आगाऊ द्या एवढीच मागणी आहे. नाहीतर वडील व्याजानं पैसे काढतात, आणि सरकारचं अनुदान शेवटी सावकाराच्या व्याजात जातं.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूनं येतो: रोख कशाला, आणखी वसतिगृहं बांधा. बांधायलाच हवीत, विशेषतः मुलींची. पण इमारत उभी राहायला जागा, मंजुरी, निविदा यात वर्षं जातात. म्हणूनच ओबीसी विद्यार्थ्यांची प्रत्येक जिल्ह्यात दोन, अशी ७२ वसतिगृहं मंजूर झाल्यावर ती भाड्याच्या इमारतींत सुरू करावी लागली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं जाहीर झाली, तिथंही सुरुवात भाड्याच्या जागेनंच. म्हणजे सरकारलाही शेवटी त्याच बाजारात भाडेकरू म्हणून उभं राहावं लागतं. मग त्या बाजाराला शिस्त लावण्यात सरकारचाच फायदा आहे.

तिसरा आक्षेप जाणकार प्राध्यापकही घेतात: गावाजवळ कॉलेज असताना शहरात यायचंच कशाला? एसटीचा पास आहे, महिलांना मार्च २०२३पासून अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, अपडाउन करा. फुलंब्री, खुलताबाद इथून अपडाउन जमतं, आणि शेकडो मुलं ते करतात. पैठणहून जमतं पण दिवसाचे तीन तास जातात, प्रॅक्टिकल उशिरा सुटलं की शेवटची गाडी चुकते. आष्टी किंवा उमरग्याहून अपडाउन हा शब्दच लागू होत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घराचं तर दिवाळीनंतर गावच बदलतं, त्या मुलानं कुठून कुठं अपडाउन करायचं? तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. होतं, पण विज्ञानाच्या पदव्युत्तर विभागाची प्रयोगशाळा तिथं नसते. जवळ शिका हा सल्ला बहुतेक वेळा कमी शिका या अर्थानं पोचतो.

चौथा आक्षेप कुजबुजत घेतला जातो. वसतिगृहं म्हणजे राजकारणाचे अड्डे, मुलं शिकतात कमी आणि मोर्चे काढतात जास्त. मोर्चे निघाले हे खरंच आहे. जुलै १९७८मध्ये विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यापासून १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार होईपर्यंत नागसेनवनातले विद्यार्थी सोळा वर्षं त्या लढ्यात होते. मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि दलित साहित्याची एक पिढी त्यात लिहिती झाली. रात्री उशिरापर्यंत वाद घालायला शंभर मुलं एका छपराखाली असल्याशिवाय हे होत नाही. तिघांच्या खोलीत वाद होतो तो फक्त पाण्याच्या ड्रमवरून. रॅगिंग, दादागिरी, वर्षानुवर्षं न सुटणाऱ्या खाटा हे दोष आहेतच. पण त्यांचा बंदोबस्त रेक्टर आणि नियम करू शकतात, त्यासाठी वसतिगृहाची कल्पनाच मोडीत काढायची गरज नाही.

मग करायचं काय? जर्मनीत वसतिगृहं आणि विद्यार्थ्यांच्या खानावळी विद्यापीठं चालवत नाहीत. प्रत्येक भागासाठी त्याची वेगळी सार्वजनिक संस्था असते, आणि शहरातल्या कोणत्याही उच्चशिक्षण संस्थेचा विद्यार्थी तिच्याकडे जातो. हेलसिंकीत विद्यार्थी संघटनांच्या पुढाकारानं १९६९मध्ये उभी राहिलेली ‘होआस’ ही संस्था हेच काम करते. इथं शिकण्यासारखं आहे ते तिथलं पैशाचं प्रमाण नव्हे, रचना आहे. खाट कॉलेजची किंवा खात्याची न राहता शहराची झाली की मेडिकलचा, मिलिंदचा, देवगिरीचा आणि अभ्यासिकेतला विद्यार्थी एका यादीत येतो. राखीव जागा त्या यादीतही ठेवता येतात. कोणत्या खात्यानं किती खाटांचे पैसे दिले, हा हिशेब पडद्यामागं होऊ दे. महापालिका, विद्यापीठ आणि समाजकल्याण यांनी मिळून असं एक कार्यालय काढायला नवा कायदा लागत नाही.

कायदा आहे तोही वापरला जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत असा करार क्वचितच होतो. घरमालकाला भीती असते की भाडेकरू दाखवला तर घरपट्टी वाढेल. विद्यार्थ्याला भीती असते की करार मागितला तर खोली दुसऱ्याला जाईल. आणि मग स्वाधारच्या अर्जाला लागणारा भाड्याचा पुरावा त्याला मिळत नाही.

इथं शेवटचा आणि सगळ्यात वजनदार आक्षेप येतो: नियम लावले की घरमालक खोल्या द्यायचेच बंद करतील, किंवा भाडं वाढवतील. हा धोका खरा आहे. जयसिंगपुऱ्यातल्या निवृत्त माणसाला चार खोल्यांच्या भाड्यावर घर चालवायचं असतं, त्याला खलनायक ठरवून काही साधणार नाही. म्हणून आधी सवलत आणि मग अट, असा क्रम हवा. सरकारला हे जमत नाही असं नाही. जून २०२४मध्ये जीएसटी परिषदेनं शिक्षणसंस्थांच्या बाहेरच्या हॉस्टेलांना, महिना वीस हजारांपर्यंत भाडं आणि सलग ९० दिवस मुक्काम असेल तर, करातून सूट दिली. बाहेरची खोली हीसुद्धा शिक्षणाचीच सोय आहे हे केंद्रानं आणि राज्यांनी तिथं मान्य करून टाकलं. तीच भूमिका महापालिकेनं घरपट्टीत घ्यावी. जो घरमालक खोल्यांची नोंद करेल, दहा महिन्यांचा छापील करार वापरेल, विजेचा दर महावितरणच्या बिलाइतकाच लावेल, डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापुरतं ठेवेल आणि जात विचारणार नाही, त्याला घरपट्टी घरगुती दरानं आणि एक जास्तीचं नळजोड. बदल्यात स्वाधार, स्वयम्, आधारचं भाडं त्या घरमालकाच्या खात्यात दर महिन्याला थेट. भाडं वेळेवर मिळण्याची खात्री असेल तर बहुतेक घरमालक थोडं कमी भाडंही चालवून घेतात. मुलानं मधेच खोली सोडली, भाडं बुडवलं, ही त्यांची जुनी तक्रार आहे. ज्यांना नोंद नको त्यांच्यावर सक्ती नको, त्यांच्याकडे जाणारा विद्यार्थी मात्र कमी होईल. सुरुवातीला जयसिंगपुरा आणि बेगमपुरा हे दोनच भाग घेतले तरी पुरे, पण खोल्यांची मोजणी मे महिन्यात झाली पाहिजे. जुलैत तिथं फलक लागलेले नसतात, खोल्या भरून गेलेल्या असतात.